वारा जोरात असेल तर शिडाच्या बोटीतून डॉल्फिन दिसतात का?

तुम्ही लिहिलंय, जानेवारीत नाशिकहून मुंबईला जाऊन गेटवेवरून शिडाची बोट घ्यायची आहे, आणि मुलीला डॉल्फिन बघायचेच आहेत. दिसू शकतात, पण सकाळी निघा. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा जोर धरतो. तो ताशी 20 किलोमीटरच्या पुढे गेला की लाटांचे माथे फुटून पांढरे होतात आणि मग प्रत्येक लाट डॉल्फिन वाटते. पंचवटी एक्सप्रेसने गेलात तर सीएसएमटीलाच साडेदहा-अकरा होतात, तेव्हा आदल्या रात्री मुक्कामाला जा.

नांदूरमध्यमेश्वरला दुर्बिणीतून पक्षी बघायची सवय असलेले आपण नाशिककर बोटीत हमखास चुकतो. तिथे पायाखाली जमीन असते. बोटीत 12 पटीची दुर्बीण नुसती थरथरते. 7 किंवा 8 पटीची न्या, आणि आधी उघड्या डोळ्यांनी बघा. शीड ज्या बाजूला फुगलंय तिकडचं बरंचसं पाणी त्याच्याआड जातं, म्हणून वारा जिकडून येतो त्या बाजूला बसा. तुषार उडतील. भिंगावर खारं पाणी पडलं तर शर्टाने पुसू नका, मिठाने चरे पडतात. आधी गोडं पाणी ओता, मग मऊ कापड.

काय शोधायचं? किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातला आपला डॉल्फिन म्हणजे हम्पबॅक. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आधी लांब चोच वर आली, मग बैलाच्या वशिंडासारखी पाठ, त्यावर लहानसा पर, आणि सगळं सावकाश आत गेलं. लाटेचा पांढरा माथा फुटतो नि विरतो. हा करडा असतो, आणि थोड्या वेळाने थोडा पुढे पुन्हा वर येतो. एका जागी सुरय पक्षी पाण्यात सूर मारत असतील तर तिथे नजर ठेवा, खाली मासळी असते.

दिसल्यावर मात्र नावाड्याला इंजिन लावून डॉल्फिनच्या मागे जाऊ देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. शीड ढिलं सोडलं की बोट मंदावते. त्यांना यायचं असेल तर ते येतात.

मुलीला मळमळलं तर दुर्बीण काढून घ्या आणि क्षितिजाकडे बघायला सांगा.