समर्थ मंदिर ते एमआयडीसी रोज सायकलने जायचंय. साताऱ्यात कुठली सायकल आणि काय काय सामान घ्यावं? ई-सायकल घ्यावी का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, कारण उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे. घर समर्थ मंदिराजवळ, कंपनी कोडोलीच्या बाजूला एमआयडीसीत, एका वेळचं अंतर सहा-सात किलोमीटर, उंची पाच फूट सात इंच, वजन ७५ किलो आणि सगळं मिळून बजेट २५ हजार. दुकानदार जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली २१ गिअरची सायकल गळ्यात मारतोय आणि सांगलीचा भाऊ म्हणतोय, "गिअर कशाला, साधी घे."

भावाचं त्याच्या गावापुरतं शंभर टक्के खरं आहे. विश्रामबागेतून कुपवाडला किंवा मिरजेला जायचं तर रस्ता सपाट. तिथे बिनगिअरची सायकल, चांगलं कॅरिअर आणि महिन्यातून एकदा तेल, एवढ्यावर वर्षं निघतात. सातारा मात्र अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतरणीवर वसलेलं गाव. तुमचं घर वरच्या टोकाला आणि कंपनी खालच्या. सकाळी राजवाडा, राजपथ, पोवई नाका, गोडोली, अजंठा चौक असं जाताना पायडल फारसं मारावंच लागणार नाही, आणि ड्युटी संपल्यावर दमलेल्या पायांनी तोच उतार चढायचा. वर पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे चढ आणि वारा दोन्ही तोंडावर. म्हणून सायकल निवडायची ती संध्याकाळसाठी. सकाळी कुठलीही चालेल.

चढाला गिअर किती आहेत याला काडीचीही किंमत नाही. शेवटचा गिअर किती हलका आहे ते बघायचं. दुकानात खाली बसून दात मोजा. पुढच्या सगळ्यात लहान चक्रीचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीएवढे किंवा त्याहून कमी हवेत. समजा पुढे ३४ आणि मागे ३४, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.२ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले की वेग ताशी ८ किलोमीटर. राजवाड्यापासून वर समर्थ मंदिराकडे बसून चढायला हा वेग झकास. आता साधी सायकल घ्या, पुढे ४४ आणि मागे १८. एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर जाते. त्याच ताशी ८ च्या वेगाला मिनिटाला पंचवीसच फेरे पडतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला उभं राहून सगळं वजन टाकायचं. एखाद दिवस जमतं. रोज केलं की गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं आणि सायकल जिन्याखाली जाते.

पुढे तीन चक्र्या (४२-३४-२४) आणि मागे १४ ते २८ अशी रचना या बजेटमध्ये सर्रास मिळते. २४ ला २८ म्हणजे पुरेसा हलका गिअर, बिनधास्त घ्या. पुढे एकच चक्री असलेली सायकल आवडली असेल तर तिचे दात आणि मागच्या मोठ्या चक्रीचे दात नीट जुळवून बघा. पुढे ४२ आणि मागे २८ असेल तर ती सांगलीला द्या. सायकल आवडली पण चढाला थोडी जड वाटते असं झालं तर मागचं सात चक्र्यांचं फ्रीव्हील १४-३४ चं बसवून मिळतं. मात्र डिरेलर (गिअर बदलताना चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा भाग) ३४ दात झेलतो का ते आधी विचारा, आणि चेन थोडी लांब लागेल.

शॉकअपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या किमतीत नको. स्वस्त शॉकअपमध्ये आत नुसती स्प्रिंग असते. वजन किलो-दीड किलोने वाढतं, चढावर उभं राहून जोर दिला की पुढचं टोक खालीवर डुलतं आणि तुमची ताकद त्या डुलण्यात जाते. दोन पावसाळे झाले की नळ्यांना गंज चढतो आणि तो जाम होतो. खड्ड्यांचा त्रास टायर कमी करतो. ७०० बाय ३५ किंवा ३८ मापाचे, मधे गुळगुळीत आणि कडेला बारीक नक्षी असलेले टायर घ्या. फॅट टायर दिसायला भारदस्त, पण डांबरावर घासून ओढत न्यावे लागतात, शिवाय त्या मापाची ट्यूब ऐनवेळी पंक्चरवाल्याकडे नसते. थोडक्यात, साध्या फोर्कची (पुढचं चाक धरणारा दुपायी दांडा, त्यात शॉकअप नसलेला) हायब्रिड सायकल. १६ ते १८ हजारांत बसेल अशी बघा, उरलेले सात हजार सामानाला लागणारच आहेत.

मापाचं म्हणाल तर तुमच्या उंचीला मध्यम फ्रेम, १७-१८ इंची. सायकल दोन पायांत घेऊन सपाट उभे राहा. वरच्या दांड्यात आणि तुमच्यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. मग सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला म्हणजे सीटची उंची बरोबर. चालवताना पंजा पायडलवर येतो, तेव्हा गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. बहुतेक लोक सीट खाली ठेवतात, कारण सिग्नलला दोन्ही पाय टेकायला बरं वाटतं. त्याची वसुली चढावर मांड्या करतात.

ब्रेक डिस्क घ्यावेत की रबरी? तुम्हाला रोज सकाळी लांब उतार आहे आणि साताऱ्याचा पाऊस आहे, म्हणून केबलवाले डिस्क ब्रेक घ्या म्हणेन. रबरी ब्रेक कोरड्यात छान लागतात, पण ओल्या रिमवर पहिला एखादा सेकंद नुसते घसरतात, आणि चिखलातली बारीक रेती रबरात रुतून रिम खरवडते. डिस्कचं एकच पथ्य: चेनला तेल सोडताना थेंब डिस्कवर उडता कामा नये. उडाला तर ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही, पॅड बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि घेताना बघा की उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा आहे ना. मोटरसायकलची सवय असलेल्या माणसाला उलट जोडणी घात करते.

आता एक गोष्ट जी दुकानात कोणी आपणहून दाखवणार नाही. फ्रेमवर मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि पुढच्या फोर्कवर बारीक आट्यांची भोकं असतात, कॅरिअर आणि मडगार्डसाठी. ती नसलेली सायकल कामावर जायला घेऊ नका. मडगार्ड पूर्ण लांबीचे, ४५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे. सीटखाली अडकवायचा तो छोटा प्लॅस्टिकचा तुकडा शर्टवर पडणारी चिखलाची रेघ अर्धीच वाचवतो, आणि चेन व बूट तर भिजतातच. कॅरिअर घेताना डिस्कचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आड येत नाही ना ते सायकलला लावूनच बघा. डबा, कपडे, रेनकोट सगळं कॅरिअरवरच्या बॅगेत. सॅक पाठीला अडकवून चढ चढलात तर शर्ट पिळून काढावा लागेल.

दिव्यांच्या बाबतीत तुमच्या रस्त्याला एक खोड आहे. सकाळी तुम्ही पूर्वेला जाता आणि संध्याकाळी पश्चिमेला, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य समोर. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याच्याही डोळ्यांवर तेच ऊन असतं. म्हणून मागचा लाल लुकलुकणारा दिवा दिवसाही चालू ठेवा. पुढचा ३०० ते ४०० लुमेनचा, चार्जिंगचा, आणि त्याचा झोत दहा-बारा पावलांवर रस्त्यावर पडेल असा खाली वाकवलेला. समोरच्याच्या डोळ्यांत मारलेला दिवा खड्डा दाखवत नाही, शिव्या मात्र मिळवून देतो.

हेल्मेट ईएन १०७८ हे मानक लिहिलेलं घ्या. टेपने भुवयांच्या वर डोक्याचा घेर मोजा आणि त्याप्रमाणे साइज. घातल्यावर ते भुवईच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे. कुलूप म्हणजे इंग्रजी यू आकाराचं किंवा जाड साखळीचं. प्लॅस्टिक चढवलेली केबल साध्या कटरने तुटते. कुलूप फ्रेम आणि मागचं चाक दोन्हीतून घालून जमिनीत पक्क्या असलेल्या पाइपला लावा. सीटला हाताने उघडणारी खटकी असेल तर ती काढून अ‍ॅलन बोल्ट लावा, नाहीतर कधीतरी सीटविनाच घरी यावं लागेल.

ट्यूबला मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह हवा, म्हणजे हवा कुठेही भरता येते. तरीही घरात मीटरचा उभा पंप ठेवाच. पेट्रोल पंपावरचा मोठा कॉम्प्रेसर सायकलच्या एवढ्याशा ट्यूबमध्ये क्षणात जास्त हवा कोंबतो आणि टायर रिमवरून उडतो. तुमच्या वजनाला ३८ च्या टायरमध्ये मागे ५५ आणि पुढे ४५ ते ५० पीएसआय, टायरच्या कडेला छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. दर आठवड्याला बघा. हवा कमी असताना खड्ड्याची कड लागली की ट्यूब रिमखाली चेपून शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात. एकच छिद्र असेल तर काटा किंवा तार. महामार्गाच्या सर्व्हिस रोडच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या टायरमध्ये घुसून बसतात आणि नुसत्या नजरेला दिसत नाहीत. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, तार असेल तिथे तो अडकतो. हे न करता ट्यूब बदलली की पुढच्या चौकात पुन्हा पंक्चर आणि दोष ट्यूबच्या कंपनीला. बॅगेत एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, ४-५-६ च्या अ‍ॅलन की आणि चाकाला नट असतील तर १५ चा पाना. पंक्चरचं सोल्यूशन घरी ठेवलं तरी चालतं. रस्त्यात ट्यूब बदलायची, चिकटवाचिकटवी निवांत.

चेनला गाडीतून काढलेलं इंजिन ऑइल लावण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. त्यावर धूळ बसून काळी पेस्ट तयार होते आणि तीच चेन झिजवते. सायकलचं चेन ल्यूब आणा, प्रत्येक कडीवर एक थेंब, पायडल उलटं फिरवा, पाच मिनिटांनी फडक्याने बाहेरचं सगळं पुसा. कोरड्या दिवसांत पंधरवड्याला, पावसाळ्यात भिजली की दर वेळी. चेन झिजली का ते फूटपट्टीने कळतं: एका पिनेचा मध्य शून्यावर धरा, तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर यायला हवी. दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदला. टाळाटाळ केलीत तर झिजलेली चेन फ्रीव्हीलचे दात खाते आणि काही शे रुपयांचं काम दीड-दोन हजारांवर जातं.

गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदला, पायावरचा जोर जरा सैल करून. ऐन चढात कचकन ताण देऊन बदलला तर चेन उतरते. दुकानातून सायकल बाहेर काढण्याआधी मागची सगळ्यात मोठी चक्री लावून पायडल हाताने फिरवा आणि डिरेलर चाकाच्या तारांपासून लांब आहे ना ते बघा. त्याचा मर्यादेचा स्क्रू नीट बसवलेला नसेल तर पहिल्याच चढाला डिरेलर तारांत शिरतो, आणि मग डिरेलर, तो फ्रेमला धरणारा हँगर, चार-सहा तारा असा सगळाच खर्च. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते, तिच्यात हा धोका जास्त. दोनतीनशे रुपये मेकॅनिकला द्या, पण चाकांचा आउट आणि हे स्क्रू त्याच्याकडूनच बघून घ्या.

रस्त्याबद्दल थोडं. पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटरमध्ये शिरू नका, वरूनच चौक पार करा. खाली उतरलं की पुन्हा वर चढावं लागतं, आणि त्या अरुंद जागेत मागची गाडी तुमच्या चढाच्या संथ वेगासाठी थांबत नाही. अजंठा चौकापुढे सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या गृहीतच धरा. गळीत हंगामात ऊसवाहू ट्रॉल्यांमधून पडलेलं पाचट आणि चिपाडं दवाने ओली झाली की त्यावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही. हँडल सरळ ठेवून तसंच पुढे जायचं.

ई-सायकलचं विचारलंय. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तर नोंदणी, लायसन्स काही लागत नाही. तुमच्या चढाला ती खरंच उपयोगी आहे. पण २५ हजारांतल्या बऱ्याचशा ई-सायकलींना गिअर नसतात, आणि बॅटरी संपली की वीस-बावीस किलोचं धूड बिनगिअरचं राजवाड्याच्या वर न्यायचं. गुडघ्याचं दुखणं नसेल तर आत्ता साधी हायब्रिडच घ्या.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर डाव्या बाजूच्या क्रँकचा (पायडल ज्याला लागतं त्या दांड्याचा) बोल्ट आवळून घ्या. नव्या सायकलीत तो हमखास सैल होतो. टकटक आवाज येतोय तरी तसंच चालवत राहिलात तर क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं, मग कितीही आवळा, बसत नाही. क्रँक नवीनच घ्यावी लागते. त्याच वेळी पायडलंही तपासा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आवळायचं.