उत्तर: सर्व्हेयरची वाट बघत बसू नका, आधी सामान धुवा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. साताऱ्यात फ्लॅट छोटा म्हणून तुमचं स्पीअरफिशिंगचं, म्हणजे श्वास रोखून पाण्याखाली भाल्याच्या गननं मासे मारायचं सामान, गन, सूट, पायातले फिन सगळं सांगलीला सासरवाडीच्या तळमजल्यावरच्या खोलीत, परवा नाल्याचं पाणी आत शिरलं, विमा पॉलिसीच्या ऑफिसात फोन केला तर "सर्व्हेयर (नुकसान तपासणारा) येईपर्यंत हात लावू नका" म्हणाले, आणि तुम्ही विचारताय की गनची रबरं नि सूट वाचतील का, डिसेंबरच्या इंडोनेशियाच्या ट्रिपला चालतील का. चालतील का ते नंतर बघू. आधी उठा, मोबाईलवर सगळ्याचा एका दमात व्हिडिओ काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ, खोलीचं दार, ट्रंक उघडताना, एकेक वस्तू हातात धरून, आणि धुवायला घ्या. आजच. सर्व्हेयर येऊ दे नाहीतर न येऊ दे.

आधीच सांगतो, मी वकील नाही, विमा एजंट पण नाही, तुमची पॉलिसी मी बघितलेली नाही. पण सांगलीच्या गावभागात राहतो आणि २०१९ च्या ऑगस्टचा पूर अंगावर घेतलाय, त्यामुळं ह्या एका बाबतीत जरा जास्तच बोलणार आहे.

त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. माझं सगळं सामान खालच्या खोलीत, आणि आम्ही मिरजेला पाहुण्यांकडं. पाणी उतरल्यावर परत आलो तर घोट्यापर्यंत गाळ, पण सामान तसं जागेवर होतं. खरं सांगतो, त्या दिवशी धुतलं असतं तर निम्म्याच्या वर वाचलं असतं. घरगुती सामानाची पॉलिसी होती म्हणून ऑफिसला फोन लावला, आणि उत्तर मिळालं जे तुम्हाला मिळालं तेच, शब्दाला शब्द. "जसं आहे तसं राहू द्या, नाहीतर क्लेम बसणार नाही." मी म्हणलं साहेब, हे रबर आहे, सडतंय. तर म्हणाले नियम आहे. मग सर्व्हेयर आज येतो, उद्या येतो, फोन उचलत नाहीत, उचलला तर दुसऱ्याचा नंबर देतात. अख्खं सांगली धुतलं जात होतं, गल्लीत गाद्या नि फ्रीजचे ढीग लागलेले, आणि मी माझी ट्रंक झाकण लावून जपत बसलेलो. वर दुपारचं ते पूर ओसरल्यानंतरचं कोंदट ऊन.

सर्व्हेयर आला तेव्हा ट्रंक उघडली. गनची रबरं विशबोनच्या (भाल्यात अडकते त्या) दोरीला चिकटून बसलेली, ओढलं तर गुळाच्या पाकासारखी तार सुटत होती. सूटच्या आतल्या बाजूला हिरवट बुरशी. शाफ्टवर, म्हणजे गनच्या भाल्यावर, गाळाचा पट्टा जिथं होता बरोब्बर तिथं तपकिरी खड्डे. साहेबांनी पहिला प्रश्न काय विचारावा, "हे शिकारीचं आहे का? लायसन्स?" पाण्यातला छंद आहे म्हणून समजावलं तर कागदावर "खेळाचे सामान, इतर" लिहून मोकळे. पुढं पत्र आलं त्यात रक्कम कापलेली, आणि कारण काय, तर विमेदाराने नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेतली नाही! म्हणजे हात लावू नका पण तेच म्हणणार, आणि हात का लावला नाही पण तेच विचारणार. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा कुठं? ऑफिसातला माणूस म्हणतो, "असं आमच्याकडून कोणी सांगणारच नाही." चकरा मारून चपला झिजल्या, त्या साहेबांची बदली झाली, विषय संपला. असो. अजून रक्त तापतं म्हणून लांबलं.

म्हणून तुम्ही आज एक मेल टाका. फोन नाही, मेल. चार ओळी: अमुक वेळेला तुमच्या ऑफिसकडून फोनवर सामानाला हात लावू नका असं सांगण्यात आलं, पण वस्तू तासातासाला खराब होत आहेत, नुकसान वाढू नये म्हणून व्हिडिओ काढून मी धुवायला घेत आहे, तुमचा आक्षेप असेल तर लेखी कळवा. एवढंच. पॉलिसीच्या अटींत ती काळजी घेण्याची ओळ साधारण असतेच, मोबाईलवर शोधा आणि तिचा नंबर मेलमध्ये टाका. खराब झालेली वस्तू फेकू नका, धुऊन एका पोत्यात बाजूला ठेवा, सर्व्हेयरला दाखवायला. नंतर कंपनीनं महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही तर विमा लोकपालाकडं जाता येतं, आपल्या भागाला पुण्याचं ऑफिस, फी काही नाही, पण वर्षाच्या आत जायचं. हे मला त्यावेळी कुणी सांगितलं नाही.

आता धुण्याचं. हातमोजे नि गमबूट घाला, नाल्याचं पाणी आहे, लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) भरवसा नाही. स्नॉर्केल तोंडात जाणारी वस्तू, ती वाचवायच्या भानगडीत पडूच नका, नवीन घ्या.

पुराच्या पाण्यात नुसतं पाणी नसतं हे लोकांच्या लक्षात येत नाही. गॅरेजचं ऑइल, डिझेल, गटार, सगळं वर तरंगत येतं आणि पाणी उतरताना त्याचा थर वस्तूवर बसतो. गनची रबरं लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबर, आणि त्याचा खरा वैरी तेल. तेल पिऊन ते फुगतं नि मऊ पडतं. त्यामुळं वास घेऊन बघा, डिझेलचा वास येत असेल तर ते रबर गेलं म्हणा. वास नसला तरी माझं मत, ट्रिपला नवीनच न्या. गन ताणताना रबर तुटलं तर ते सरळ तोंडावर येतं, आणि पूर्ण गनच्या मानानं रबराची किंमत काहीच नाही. सूटचं निओप्रीन तेलाला त्यापेक्षा टिकतं, तो वाचायची शक्यता बरी आहे. ओपन सेल (आतून अस्तर नसलेला, उघड्या छिद्रांचा) असेल तर आतल्या छिद्रांत गाळ बसलेला असणार, घासू नका, टराटरा फाटतो. टबात कोमट पाणी नि बेबी शाम्पू, हातानं दाबून दाबून गाळ काढायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ब्लीच अजिबात नको. सावलीत, जाड पाइपवर टाकून वाळवा, तारेच्या हँगरला लावला तर खांद्यात कायमची घडी पडते.

शाफ्ट स्टेनलेस आहे म्हणून निवांत राहू नका. गाळाखाली हवा लागत नाही, तिथं स्टेनलेसला पण खड्डे पडतात. ट्रिगरचं घर आधी पाण्याच्या बारीक धारेनं आतून धुवा, मग मॅन्युअल बघून उघडा. उघडायची सवय नसेल तर उघडू नका, आतली पिन नि स्प्रिंग जागेवर परत बसवणं म्हणजे वैताग. नंतर सिलिकॉन स्प्रे. घरात आहे म्हणून रॉकेल किंवा शिलाई मशीनचं तेल मारू नका, तेच तेल पुढं रबराला लागतं.

आणि पाणी कुठलं वापरताय ते बघा. सांगली-मिरजेच्या बऱ्याच बोअरचं पाणी इतकं जड आहे की वाळल्यावर मास्कच्या काचेवर नि ट्रिगरच्या आत पांढरा थर धरतो. गाळ बोअरनं काढा, पण शेवटचा हात नळाच्या पाण्याचा. सासूबाईंनी प्रेमानं तांब्याचं घंगाळ पुढं केलं तरी त्यात रबरं भिजत घालू नका, तांबं रबराला खातं. हे थट्टेनं लिहीत नाहीये.

पुढच्या वेळेचं ठेवायचं काय, त्यावर माझी मतं जरा हट्टी आहेत. सांगलीत तळमजल्यावर काही म्हणजे काही ठेवायचं नाही, २००५, २०१९, २०२१, किती वेळा बघायचं? फ्लॅट छोटा असला तरी रबरं, मास्क, मोजे एवढं एका हवाबंद डब्यात साताऱ्यातच मावतं. रबरं सुटी काढून, कोरडी करून, टाल्कम पावडर लावून, अंधारात. मी फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यात ठेवतो, घरात त्यावरून बोलणी खातो. मिक्सर, ड्रिल मशीन असल्या वस्तूंशेजारी नको, मोटरच्या ठिणगीतून ओझोन निघतो आणि रबराला बारीक चिरा पाडतो. रोलर गन (पुढच्या चाकांवरून रबर फिरून येतं ती) असेल तर तिचा आधीचा ताण पण सोडून ठेवायचा, कित्येकजण विसरतात. फिन पातं जमिनीला टेकवून उभे करायचे नाहीत, आडवे ठेवायचे. शाफ्ट गनपासून वेगळे, टोकाला नळीचा तुकडा, कुलपात. घरात पोरं आहेत असं तुम्ही लिहिलंयच. कमरपट्ट्याचं शिशाचं वजन किचनच्या आसपास नको. बिलं, फोटो, सीरियल नंबर आजच ड्राइव्हवर टाका. माझी अर्धी गिअर बाहेरून आणलेली, बिलं त्याच ट्रंकेत होती, त्यांचा लगदा झाला.

तुमच्या पोस्टमधली एक ओळ मला सामानापेक्षा जास्त खटकली. "गावाकडच्या विहिरीत एकटाच श्वासाची प्रॅक्टिस करतो." बंद करा राव. विहिरीत पोहत मोठे झालेले आपण सगळेच, पण ते वेगळं आणि जोरजोरात श्वास ओढून तळाला बसणं वेगळं. जास्त श्वास घेतल्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणजे श्वास घ्यायची जी तडफड वेळेवर व्हायला पाहिजे ती होतच नाही, आणि माणूस वर येता येता, कधी वर आल्यावर सुद्धा, बेशुद्ध पडतो. वर कुणी नसेल तर संपलं. त्यात समुद्रात लावता तेवढंच वजन कमरेला लावून विहिरीत उतरत असाल तर तिथं तुम्ही अंदाजे २ किलोनं जास्त जड आहात, गोड्या पाण्यात तरंगणं कमी. समुद्रात रीफवर (प्रवाळाच्या खडकावर) पण तेच, एक खाली तर एक वर, आणि खाली जितका वेळ काढला त्याच्या निदान दुप्पट वर काढायचा. इंडोनेशियाला जाण्याआधी कुठल्याही मान्य एजन्सीचा फ्रीडायव्हिंगचा (हवेच्या टाकीशिवाय, श्वास रोखून बुडी मारण्याचा) पहिला कोर्स करा, गनचं नंतर.

मालवणला सरावासाठी गन न्यावी का, ह्यावर माझं उत्तर नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळ तर वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत. हद्द कुठं सुरू कुठं संपते हे पाण्यात रंगवलेलं नसतं. मी तिकडं फक्त मास्क नि फिन नेतो. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा, घाट चालू आहे का ते आधी विचारायचं, आणि सूट गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हात टाकायचा नाही. इंडोनेशियात पण मरीन पार्कात गन चालत नाही, बोटवाल्याच्या "चलता है" वर जाऊ नका. येताना मालदीवला थांबायचा विचार असेल तर तिथं गन आणायलाच बंदी आहे, कस्टमला अडकाल. आणि रीफवरचा मोठा गोबरा किंवा बॅराकुडा मारून खायची हौस नको, सिग्वाटेराचं विष शिजवून जात नाही. स्थानिक लोक जो मासा खात नाहीत तो आपण खायचा नाही.

धुऊन झालं की ट्रिगरचा आणि सूटच्या आतल्या बाजूचा फोटो टाका, उजेडात काढलेला, फ्लॅश नको. रबर किती मिलिमीटरचं आहे ते पण लिहा, १४ की १६, म्हणजे नवीन कुठलं घ्यायचं ते सांगतो. आणि त्या ऑफिसचं मेलवर काय उत्तर येतं ते नक्की कळवा, आलं तर.