चित्राला कोचावर निजवण्याआधी

चि. — यास अनेक आशीर्वाद.

चित्रकार प्रभाकर बरव्यांवरच्या निबंधाचा तुझा खर्डा मिळाला. मेहनत दिसते, भाषाही नेटकी आहे. पण चार-पाच पानांनंतर बरवे दिसेनासे होतात आणि नुसता फ्रॉइड, मनोविश्लेषणाचा तो जनक, दिसायला लागतो. घड्याळ आलं की मृत्यूचं भय, किल्ली आली की लैंगिकता, फळ आलं की गर्भाशय, आणि कॅनव्हासवर मोकळी जागा राहिली की 'हरवलेली आई'. चित्रात काय आहे हे तू एका वाक्यात उरकतोस आणि त्याच्या अर्थाला दीड पान देतोस. हे प्रमाण उलटं करायचं आहे. पत्र लांबणार, चहा घेऊन बस.

मनोविश्लेषण, म्हणजे मनात दडलेलं बोलण्यातून उकलण्याची फ्रॉइडची पद्धत, सोडून दे असं मी म्हणत नाही. चित्रांबद्दल लिहिणाऱ्यांना इतकं उपयोगी पडलेलं आणि त्यांनीच इतकं वाईट वापरलेलं दुसरं हत्यार मला माहीत नाही. तू ते स्वप्नफलाच्या पुस्तकासारखं वापरतोयस, एवढीच माझी तक्रार. जत्रेत, स्टेशनाबाहेर ती पातळ पुस्तकं मिळतात ना, दात पडताना दिसले तर घरात मृत्यू, अमुक दिसलं तर धनलाभ, तसं. गंमत अशी की फ्रॉइडनं स्वप्नांवरच्या आपल्या ग्रंथात (१९००) नेमक्या याच पद्धतीपासून स्वतःला वेगळं काढलं होतं. एकच वस्तू दोन माणसांच्या स्वप्नांत दोन वेगळे अर्थ घेऊन येऊ शकते, तेव्हा विचारायचं ते स्वप्न पाहणाऱ्यालाच, हे त्याचं म्हणणं. पुढच्या आवृत्त्यांत त्यानंच प्रतीकांचा भाग वाढवत नेला, हेही खरं. लोकांनी नेमका तेवढाच उचलला.

विश्लेषण दोन जिवंत माणसांत घडतं. विश्लेषकासमोर कोचावर पडलेला माणूस मनात येईल ते बोलतो, अडखळतो, मध्येच गप्प होतो. विश्लेषकानं काही सुचवलं तर 'छे, तसं काही नाही' म्हणतो, चिडतो, आणि पुढच्या खेपेला येऊन भलतीच आठवण सांगतो. विश्लेषकाचा अंदाज कितपत बरोबर होता ते या पुढच्या बोलण्यावरून ठरतं. चित्र तसं काही करत नाही. तू जे म्हणशील ते मुकाट ऐकून घेतं. मग आपला अंदाज आपण तपासायचा कशावर? तुझ्या खर्ड्यात हा प्रश्न कुठेच पडलेला दिसला नाही.

यासाठी फ्रॉइडचेच दोन निबंध शेजारी ठेवून वाच. पहिला लिओनार्दो दा विंचीवरचा, १९१० मधला. लिओनार्दोनं पक्ष्यांच्या उडण्याबद्दल लिहिता लिहिता एक आठवण नोंदवलेली आहे: पाळण्यात असताना एक पक्षी आला आणि त्यानं शेपटीनं माझ्या ओठांवर आघात केले. एवढ्या चार ओळींवर फ्रॉइडनं आख्खं बालपण उभं केलं. लिओनार्दो अनौरस मुलगा, आधी जन्मदात्री कॅटरिना, मग वडिलांची बायको अल्बिएरा. म्हणून लूव्रमधल्या चित्रात मेरी आणि तिची आई सेंट अ‍ॅन जवळजवळ एकाच वयाच्या दिसतात, त्या दोन आयाच आहेत. फ्रॉइडनं पक्षी गिधाड धरला आणि थेट इजिप्तच्या मातृदेवतेपर्यंत पोचला. लिओनार्दोच्या नोंदीत होती घार. फ्रॉइडच्या एका अनुयायाला तर मेरीच्या वस्त्राच्या घड्यांत गिधाडाची आकृतीही दिसली, आणि फ्रॉइडनं ती पुढच्या आवृत्तीत तळटीप म्हणून घेतली!

या घार-गिधाडावर सगळे हसतात. मला ती चूक तेवढी मोठी वाटत नाही. खरी चूक १९५६ मध्ये मेयर शापिरो या कला-इतिहासकारानं दाखवली. सेंट अ‍ॅन, मेरी आणि बाळ येशू असं त्रिकूट दाखवण्याचा प्रघात लिओनार्दोच्या आधीपासून होता. त्या काळात सेंट अ‍ॅनची भक्ती जोरात होती, आणि तिला तरुण दाखवणारा लिओनार्दो काही पहिला नव्हता. पाळण्यातल्या बाळाच्या तोंडाशी पक्षी किंवा कीटक येणं हा जुन्या कथांमध्ये पुढच्या थोरपणाचा शकुन असायचा. प्लेटोच्या ओठांवर मधमाश्या बसल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. जे त्या काळात अनेकांच्या हाती होतं, ते फ्रॉइडनं एकट्या लिओनार्दोच्या मनातून काढून दाखवलं. तुझ्या खर्ड्यातल्या घड्याळाचं हेच झालंय. बरव्यांच्या आधी आणि बरोबरीनं कोणी कोणी घड्याळं रंगवली, ते तू पाहिलेलंच नाहीस. बरव्यांनी विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं कापडाच्या नक्षीचं काम केलं. सपाट पृष्ठावर एक आकार दुसऱ्यापासून किती अंतरावर ठेवायचा हा त्यांच्या रोजच्या कामाचा प्रश्न होता. तुझ्या 'हरवलेल्या आई'ची जागा आधी तिथे शोध. तिथे सापडली नाही तर मग आईकडे जा.

त्याच लिओनार्दोच्या निबंधात फ्रॉइड हेही कबूल करतो की कलानिर्मितीचं मर्म मनोविश्लेषणाच्या हाती लागत नाही. हे वाक्य त्याचे टीकाकार उद्धृत करतात आणि चाहते विसरतात.

दुसरा निबंध आहे मायकेलअँजेलोच्या मोझेसवरचा, म्हणजे देवाकडून धर्माज्ञांच्या पाट्या आणणाऱ्या बायबलमधल्या पुढाऱ्याच्या पुतळ्यावरचा. हा १९१४ मध्ये 'इमागो' या नियतकालिकात लेखकाच्या नावाशिवाय छापून आला. रोममधल्या सान पिएत्रो इन व्हिंकोली चर्चमध्ये पोप ज्युलियस दुसरा याच्या स्मारकात हा पुतळा आहे. १९१३ च्या सप्टेंबरात तीन आठवडे फ्रॉइड रोज त्याच्यापुढे जाऊन उभा राहायचा, मोजमापं घ्यायचा, रेखाटनं करायचा. आणि या निबंधात मायकेलअँजेलोच्या आईचा, दाईचा, बालपणाचा आधार तो घेत नाही. आहे तो संगमरवर.

त्यानं काय पाहिलं ते बघ. मोझेसचं डोकं डावीकडे वळलेलं आहे, पण दाढीचे डाव्या बाजूचे झुपके उजवीकडे ओढले गेलेत. कशानं? उजव्या हाताच्या एका तर्जनीनं. ती दाढीत रुतून बसली आहे आणि तिच्या दाबानं केसांत खोल खाच पडली आहे. एक बोट एवढ्या भरगच्च दाढीला धरून ठेवतंय, बाकीची बोटं जवळपास मोकळी. हा विचित्रपणा आधीच्या लेखकांनी एक तर पाहिला नाही किंवा 'दाढी कुरवाळतोय' म्हणून उरकला. मग फ्रॉइडची नजर धर्माज्ञांच्या दगडी पाट्यांवर जाते. त्या उजव्या हाताखाली एका कोपऱ्यावर टेकल्यासारख्या उभ्या आहेत. खालच्या कडेला एक शिंगासारखा उंचवटा आहे, आणि तो तर पाटीच्या वरच्या बाजूला असायला हवा. म्हणजे पाट्या उलट्या आहेत.

या दोन बारक्या गोष्टींवरून तो हालचाल मागे नेत जातो. मोझेस शांत बसला होता, पाट्या नीट धरलेल्या. त्याचे लोक देवाला सोडून सोन्याच्या वासराची पूजा करत होते, तो गोंगाट ऐकून त्यानं मान वळवली, संतापानं हात दाढीत घातला. हात सुटल्यामुळे पाट्या घसरायला लागल्या, तोंडावर आपटणार. त्या वाचवायला हात झटकन मागे आला आणि येताना दाढीचे झुपके ओढून घेऊन आला. तो क्षण म्हणजे हा पुतळा. उसळून उठण्याच्या आधीचा मोझेस आहे असं सगळे म्हणत होते. फ्रॉइड म्हणतो, हा राग गिळलेला मोझेस आहे, हा उठणार नाही. बायबलमधल्या मोझेसनं पाट्या फोडल्या होत्या हे त्याला ठाऊक आहे, आणि मायकेलअँजेलोनं मुद्दाम वेगळा मोझेस घडवला असं तो म्हणतो. शेवटी आपण वाहवत तर गेलो नाही ना, अशी शंकाही घेतो.

हा अर्थ बरोबर आहे की नाही यावर अजून वाद आहेत. त्या दिवसांत फ्रॉइड स्वतः आपल्या जवळच्या सहकाऱ्याशी, युंगशी, फारकत घेत होता, त्यामुळे राग गिळणारा पुढारी त्याला दगडातही दिसला, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मला त्यात तथ्य वाटतं. पण फरक लक्षात घे. तू उद्या रोमला गेलास तर ते बोट, ती खाच, तो उंचवटा स्वतः पाहू शकतोस आणि फ्रॉइडला 'चूक' म्हणू शकतोस. लिओनार्दोच्या पाळण्यापाशी तुला उभं राहता येत नाही.

याच निबंधात तो जोव्हानी मोरेल्लीचं नाव घेतो. हा इटालियन जाणकार चित्र कोणाचं हे ठरवताना चेहऱ्यावरचे भाव, रचना असलं भारदस्त काही न बघता कानाची पाळी आणि बोटांची नखं बघायचा, कारण नक्कल करणारा तिथे बेसावध असतो. फ्रॉइडला यात आपल्या पद्धतीचं भावंड दिसलं: लोक जे टाकाऊ समजून सोडून देतात, त्यातून दडलेलं ओळखायचं. मनोविश्लेषणाकडून चित्र पाहणाऱ्यानं जर एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी ही घेईन. प्रतीकांची यादी तिथेच राहू दे.

मग तू विचारशील की चित्रकार स्वतःच विश्लेषणाला जात असेल तर? शिल्पकार लुईझ बुर्ज्वा हे सगळ्यात अवघड उदाहरण आहे. वडील १९५१ मध्ये गेले, पुढच्या वर्षीपासून ती हेन्री लोवेनफेल्ड या विश्लेषकाकडे जायला लागली, आणि मध्ये खंड पडत हे त्याच्या मृत्यूपर्यंत, १९८५ पर्यंत चाललं. त्या काळातल्या तिच्या नोंदींचे ढीगभर सुटे कागद पुढे सापडले. १९७४ मध्ये तिनं 'डिस्ट्रक्शन ऑफ द फादर' (बापाचा विनाश) हे शिल्प केलं: लाल प्रकाशातली गुहा, आत लेटेक्स आणि प्लास्टरचे फुगीर गोळे, मध्ये जेवणाच्या टेबलासारखं काहीतरी, आणि गोष्ट अशी की मुलांनी बापाला टेबलावर ओढून खाऊन टाकलं. नाव तिचं, गोष्ट तिची, विश्लेषण तिनं घेतलेलं. आता अर्थ लावायला शिल्लक काय? आणि इथेच मोह आवरायचा असतो, कारण ती गोष्ट तर हजारो घरांतल्या मुलामुलींच्या मनात असते, ती गुहा मात्र एकीनंच केली. लेटेक्स का, गोळे वरूनही का लोंबतात, बघणाऱ्याला बाहेर उभं ठेवून आत का डोकावायला लावलंय, यावर लिहायचं. हीच बाई १९९० च्या एका लेखात ठणकावते की फ्रॉइडनं कलावंतांसाठी काही म्हणजे काही केलं नाही. तीस वर्षं कोचावर काढून!

अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण तुझ्या खर्ड्यात तू एका हयात चित्रकाराच्या आजारपणाबद्दल ऐकीव गोष्ट घातली आहेस. १९३९-४० मध्ये पोलॉक ज्या युंगपंथी विश्लेषकाकडे जायचा, त्याच्यापुढे तो बोलण्याऐवजी रेखाटनं ठेवायचा. पोलॉक गेल्यानंतर ती रेखाटनं विकली गेली, १९७० मध्ये पुस्तकातही आली. त्यावरून मोठा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. ती ऐकीव गोष्ट काढून टाक. चर्चा नको.

तू 'हे सगळं युरोपचं, आपल्याला लागू पडतं का' असंही विचारलं आहेस. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. बोस फ्रॉइडला पत्रं लिहायचे आणि नुसती मान डोलवायचे नाहीत. आपल्या भारतीय रुग्णांत लिंगच्छेदाचं भय युरोपीय रुग्णांइतकं ठळक दिसत नाही, पुरुषांत स्त्री होण्याची इच्छा मात्र सहज सापडते, असं त्यांनी १९२९ मध्ये कळवलं. १९३१ मध्ये, फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त, या संस्थेनं त्याला हस्तिदंती विष्णू भेट पाठवला. तो फ्रॉइडनं आपल्या लिहायच्या टेबलावर ठेवला. पुढे मूर्तीला चिरा पडल्या, तेव्हा कलकत्त्याला सरावलेल्या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नाही की काय, असं त्यानं रोजनिशीत लिहिलं. बोस यांच्याइतका अभ्यास आणि तितकी हिंमत असेल तर ईडिपस, म्हणजे मुलाची आईकडे ओढ आणि बापाशी वैर हा फ्रॉइडचा सिद्धांत, खुशाल आण. तुझ्या खर्ड्यात तो नुसता नावाला आलाय.

आता काम. एकच चित्र निवड. चित्रकाराचं चरित्र, मुलाखती, बरव्यांचं स्वतःचं पुस्तक 'कोरा कॅनव्हास' सुद्धा, आठवडाभर बाजूला ठेव. विश्लेषकांना फ्रॉइडचा सल्ला होता की ऐकताना कशालाच आधी महत्त्व देऊ नका, सगळं सारख्याच सैल लक्षानं ऐका. तसं बघ आणि दिसेल ते लिही, अर्थाचा एकही शब्द न घालता. मग स्वतःकडे बघ: नजर कुठून घसरून गेली, कुठल्या कोपऱ्यानं वैताग आला, कशाची आठवण झाली. विश्लेषकालासुद्धा समोरच्याबद्दल स्वतःला काय वाटतंय ते तपासावं लागतं. ते वेगळ्या वहीत लिही, निबंधात घालू नकोस. मॅरियन मिल्नर या विश्लेषक बाईंचं १९५० मधलं पुस्तक मिळालं तर या टप्प्यावर वाच. शांत निसर्गदृश्य काढायला बसलं की कागदावर वादळ कसं उतरतं, हे त्यांनी स्वतःच्या रेखाटनांवरून लिहिलंय. चरित्र त्यानंतर उघड, आणि त्यातली जी गोष्ट चित्रात बोट ठेवून दाखवता येईल तेवढीच ठेव.

दालीबद्दलचं प्रकरण पूर्ण वगळ. दाली, तो स्वप्नासारखी चित्रं रंगवणारा स्पॅनिश चित्रकार, १९३८ मध्ये लंडनला फ्रॉइडला भेटला, स्वतः रंगवलेलं नार्सिससचं (स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या ग्रीक पुराणातल्या तरुणाचं) चित्र घेऊन गेला, म्हातारा खूश झाला, सगळं खरं. पण जो चित्रकार फ्रॉइड वाचून रंगवतो, त्याच्या चित्रात फ्रॉइड सापडला तर तुझी करामत काय?

आणि मूळ चित्रं बघ. बरव्यांनी एनॅमल रंग वापरले, त्याची तुळतुळीत चकाकी छापील पानावर मरते. तुझी सगळी वर्णनं पुस्तकातल्या फोटोंवरून केलेली आहेत हे लगेच कळतं. पुढच्या खर्ड्यात प्रत्येक चित्राखाली साल, माध्यम आणि लांबी-रुंदी लिही. आत्ताच्या खर्ड्यात एकाचीही नाही.

तुझे सर