ओव्हरक्लॉकिंगसाठी पेल्टिअर, फेज चेंज, ड्राय आइस की द्रव नायट्रोजन?

ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्यासाठी, या चारांपैकी कोणतं कूलिंग घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. तुमचा प्रोसेसर इंटेलचा १३९००के, राहायला ठाण्यात आणि मशीन रोज रेंडरिंगला लागतं, असं प्रश्नात लिहिलंय. मग या चारांपैकी काहीच घेऊ नका. ३६० मिमी रेडिएटरचा चांगला वॉटर कूलर लावा. पण तुलना विचारलीच आहे आणि विषय माझ्या आवडीचा आहे, तेव्हा सांगतो.

बहुतेकांचं लक्ष आधी तापमानाकडे जातं. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उणे ७८, द्रव नायट्रोजन उणे १९६, द्रव हेलियम उणे २६९. आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून निवड होत नाही. किती वॅट उष्णता उचलली जाते आणि किती वेळ, ते बघायचं.

पेल्टिअर म्हणजे वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी प्लेट. ती घेणारे नेमके इथे फसतात. बाजारात सहज मिळणारी टीईसी१-१२७०६ प्लेट दोन बाजूंत पासष्टेक अंशांचा फरक पाडते. मात्र तेवढा फरक पडतो तेव्हा ती शून्य वॅट उष्णता वाहून नेत असते! फरक शून्य असताना जेमतेम पन्नास-साठ वॅट. तुमचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही २५३ वॅटपर्यंत जातो. वर प्लेट स्वतः जी वीज खाते, तिचीही उष्णता रेडिएटरलाच झेलावी लागते. इंटेलने २०२० मध्ये ‘क्रायो कूलिंग’ या नावाने हा प्रयोग केला, ईके आणि कूलर मास्टर या कंपन्यांनी त्यावर कूलरही काढले, पण काही वर्षांतच ते गुंडाळलं गेलं. त्यातली एक गोष्ट मात्र हुशारीची होती: तापमान दवबिंदूच्या (ज्याखाली हवेतल्या बाष्पाचे थेंब होतात त्या तापमानाच्या) खाली जाऊ न देणारा कंट्रोलर.

कारण ठाण्यात खरा शत्रू दव आहे. पावसाळ्यात आपल्याकडे दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे २० अंशांच्या प्लेटलाही पाणी सुटतं. म्हणून असलं अतिथंड कूलिंग वापरणारे लोक सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या खाचेत) चक्क व्हॅसलीन भरतात आणि भोवती निओप्रीन (रबरी फोम) लावतात. एका संध्याकाळपुरतं ते चालतं, पण रोजच्या मशीनचा असा चिखल कोण करील?

चौघांत दिवसभर चालू शकेल असा प्रकार एकच, फेज चेंज. तो म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला फ्रीजच: कॉम्प्रेसर, गॅस, उणे ४०-५० अंश. क्रायोटेक कंपनीने २००० च्या सुरुवातीला असाच थंड केलेला १ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन विकायला काढला होता, एएमडीने स्वतः तो वेग गाठण्याच्या थोडं आधी. पण कॉम्प्रेसरचा आवाज, वीजबिल आणि दव, तिन्ही सोबत येतात.

द्रव नायट्रोजन हा रेकॉर्डवाल्यांचा खेळ. एक लिटर उकळून जाताना साधारण १६० किलोजूल उष्णता घेतो. ४०० वॅटच्या प्रोसेसरला तो सात मिनिटंही पुरत नाही, आणि हेही थेंबभर वाया गेला नाही असं धरून. हेलियम तर लिटरमागे जेमतेम अडीच किलोजूल घेतं. तरी ते वापरतात, कारण रेकॉर्डला काही क्षणच पुरतात. २०११ मध्ये एएमडी एफएक्स-८१५० हेलियमवर ८.४२९ गिगाहर्ट्झला नेला, तोही आठपैकी दोनच कोर चालू ठेवून. २०२२ च्या डिसेंबरात एलमॉर या टोपणनावाच्या स्वीडिश ओव्हरक्लॉकरने ९ गिगाहर्ट्झ ओलांडले, तेही हेलियमवरच. आणि चिप कुठली? तुमचीच, १३९००के. एफएक्सची खासियत अशी की त्याला ‘कोल्ड बग’ नव्हता. बरेच प्रोसेसर ठराविक थंडीखाली बंदच पडतात, मग हेलियम ओतून उपयोग नाही.

द्रव नायट्रोजन आपल्याकडे दुर्मीळ नाही. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो गावोगाव जातो आणि त्याचे कंटेनर इंडियन ऑइलच्या नाशिकच्या कारखान्यात बनतात. पण एका लिटरचा जवळपास ७०० लिटर वायू होतो आणि खोलीतला ऑक्सिजन ढकलला जातो. बंद खोलीत नको, घट्ट झाकणाच्या भांड्यात तर मुळीच नको.

चव घ्यायचीच असेल तर जुना स्वस्त प्रोसेसर, तांब्याचा पॉट (प्रोसेसरवर बसवायचं भांडं) आणि ड्राय आइस, खिडक्या उघड्या ठेवून. त्यात अ‍ॅसिटोन ओतायचा सल्ला मिळेल. तो पेट घेतो, एवढं ध्यानात ठेवा.

१३९००के वर काही करण्याआधी बायॉस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. या पिढीच्या चिप जादा व्होल्टेजमुळे कायमच्या खराब होत होत्या आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आहे. तो घातला नसेल तर कूलरची खरेदी नंतर.