अंतराळाला ‘हद्द’ असते का?

प्रश्न असा आला आहे: “शाळेच्या वार्षिकांकासाठी अंतराळविषयक कायद्यावर लेख लिहिते आहे. अंतराळ, अवकाश आणि अंतरिक्ष हे तिन्ही शब्द वाचनात येतात, त्यांतला कोणता घ्यावा? आणि ‘दुसऱ्या देशाचा उपग्रह आपल्या अंतराळ हद्दीत शिरला’ हे वाक्य चालेल का?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: ते वाक्य चालणार नाही. व्याकरण ठीक आहे, पण त्यातला अर्थ कायद्यात कुठेच बसत नाही. का बसत नाही, हे पहिल्या प्रश्नाच्या वाटेने गेलो की उलगडत जाते.

अंतरिक्ष हा तिघांतला सर्वांत जुना शब्द. वेदांमध्ये पृथ्वी, अंतरिक्ष आणि द्यौ (सर्वांत वरचा द्युलोक) असे तीन लोक आहेत. शांतिमंत्रात ते ओळीने येतात. म्हणजे अंतरिक्ष हा मधला थर, वारा वाहतो आणि ढग फिरतात तो. निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा उलगडा करणाऱ्या प्राचीन ग्रंथात, अग्नी पृथ्वीवरचा, वायू किंवा इंद्र अंतरिक्षातला आणि सूर्य द्युलोकातला अशी वाटणीच आहे. आजच्या भाषेत हे वातावरण झाले, आणि अंतराळ कायदा लागू होतो तो वातावरण मागे टाकल्यावर! हिंदीने हा शब्द नव्या अर्थाने पक्का केला आहे आणि केंद्राच्या ‘अंतरिक्ष विभागा’मुळे तो आपल्याही कानावर पडतो. विशेषनामात तो तसाच ठेवावा. एरवी मराठीत त्याची गरज पडत नाही.

अंतराळ म्हणजेही मुळात ‘मधली जागा’च. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरात सभामंडप आणि गाभारा यांच्यामध्ये जो छोटा भाग आहे, त्याला स्थापत्याच्या भाषेत आजही अंतराळ म्हणतात. तेथून हा शब्द आधार नसलेल्या पोकळीपर्यंत आला आणि मग थेट ताऱ्यांपर्यंत गेला. अंतराळवीर, अंतराळयान, अंतराळ स्थानक हे शब्द आता मुलांच्याही तोंडी आहेत. बोलणाऱ्यांनी अर्थ पुढे नेला असेल, तर व्युत्पत्तीचा धाक दाखवून तो मागे ओढू नये असे मला ठामपणे वाटते.

अवकाशाचे तसे नाही. अवकाश म्हणजे कोणतीही मोकळी जागा, आणि मोकळा वेळसुद्धा. ‘गाडीला अजून अवकाश आहे’ म्हणतो तेव्हा आपण आकाशाकडे पाहत नसतो. यथावकाश हा त्यातलाच, आणि सावकाश हा शब्दही ‘स’ आणि ‘अवकाश’ मिळून झाला आहे. अर्थ इतका ऐसपैस असल्यामुळे कायद्याच्या भाषेत त्याला विशेषण लावावे लागते: बाह्य अवकाश.

या विषयाचा पाया असलेला १९६७चा करार २७ जानेवारीला लंडन, मॉस्को आणि वॉशिंग्टन येथे सह्यांसाठी खुला झाला आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला अमलात आला. त्याच्या अधिकृत भाषा पाच. इंग्रजीतला ‘स्पेस’ हा शब्द आपल्या अवकाशासारखाच ढगळ असल्याने त्याच्या आधी ‘आउटर’ (बाहेरचा) जोडावे लागले. फ्रेंचमध्ये ‘वातावरणाबाहेरची जागा’, स्पॅनिशमध्ये ‘पृथ्वीपलीकडची जागा’, तर रशियनमध्ये ‘कॉसमॉसची (विश्वाची) जागा’ असे शब्द आहेत. प्रत्येक भाषेने आपापल्या परीने तो ‘बाहेर’ सांगितला. मराठीत अंतराळ म्हटले की ‘बाहेर’ त्यातच आले. म्हणून ‘बाह्य अवकाश’ बरोबर, नुसते ‘अंतराळ’ही बरोबर, पण ‘बाह्य अंतराळ’ ही द्विरुक्ती. तुमच्या लेखाला मी ‘अंतराळ कायदा’ हेच शब्द सुचवीन. कराराचे मोठे, औपचारिक नाव लिहायचे असेल तेथे ‘बाह्य अवकाश’ शोभेल.

आता हद्द. १९४४च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या हवेवर पूर्ण आणि अनन्य सत्ता मान्य केली. त्यासाठी ‘हवाई हद्द’ हा आपला शब्द नेमका आहे. याउलट १९६७च्या कराराचे दुसरे कलम सांगते की चंद्र आणि इतर खगोलीय वस्तूंसह अंतराळावर सार्वभौमत्वाचा दावा करून, वापर करून, ताबा घेऊन किंवा अन्य कोणत्याही मार्गाने कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. मालकी नाही, म्हणून हद्द नाही. १९५७मध्ये स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह कितीतरी देशांच्या डोक्यावरून फिरला, पण कोणीही हद्दभंगाची तक्रार केली नाही. १९७६मध्ये विषुववृत्तावरच्या काही देशांनी बोगोटा येथे भूस्थिर कक्षेच्या (जिथे उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो) आपापल्या माथ्यावरच्या तुकड्यावर हक्क सांगितला होता, पण तो जगाने मानला नाही.

हवाई हद्द किती उंचीवर संपते हे मात्र या दोन्ही करारांत लिहिलेले नाही. १०० किलोमीटरची रेषा सर्रास सांगितली जाते, पण ती या करारांनी आखलेली नाही. तेव्हा ‘कायद्यानुसार १०० किलोमीटरनंतर अंतराळ’ असे लेखात लिहू नका.

उपग्रह खाली कोसळला की गोष्ट बदलते. अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ जानेवारी १९७८मध्ये कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे विखुरले. कॅनडाने भरपाईच्या दाव्यात सार्वभौमत्वाचा भंग झाल्याचेही म्हटले, कारण उपग्रह कॅनडाच्या हवाई हद्दीत शिरला आणि तुकडे त्याच्या भूमीवर पडले. कक्षेत फिरत होता तोवर हे म्हणता आले नसते. १९८१मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली.

अशा विषयावर मराठीत लिहिताना षष्ठीचा ‘चा-ची-चे’ जपून वापरावा. ‘भारताचा उपग्रह’ बरोबर आहे, कारण १९६७च्या कराराच्या आठव्या कलमानुसार नोंदणी करणाऱ्या देशाचा त्या वस्तूवरचा अधिकार ती अंतराळात असतानाही कायम राहतो. २३ ऑगस्ट २०२३ला चंद्रावर उतरलेले विक्रम लँडर भारताचेच आहे. त्या जागेला ‘शिवशक्ती’ हे नाव भारताने दिले आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ते मान्यही केले. पण लँडरखालची माती भारताची नव्हे. ‘चंद्रावरची भारताची जमीन’ असे भाषणाच्या ओघात कोणी म्हणाले, तर भावना मला समजते. लेखात मात्र ‘भारताचे लँडर उतरले ती जागा’ असेच लिहावे.

तुमचे वाक्य मी असे करीन: ‘दुसऱ्या देशाचा उपग्रह अंतराळातून आपल्या देशावरून गेला.’ आणि तो खाली येत असेल, तर: ‘उपग्रहाचे अवशेष आपल्या हवाई हद्दीत शिरले.’