‘बेड नाही’ म्हणून परत पाठवलं, तर तो हक्कभंग आहे का?

तुम्ही विचारलंय की राज्यघटनेत आरोग्यसेवेचा हक्क आहे का, आणि सरकारी रुग्णालयाने बेड नाही म्हणून अत्यवस्थ रुग्णाला परत पाठवलं तर काही करता येतं का.

शब्दशः पाहिलं तर मूलभूत हक्कांत ‘आरोग्य’ कुठेच नाही. लोकांचं सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य आहे असं अनुच्छेद ४७ म्हणतो खरा, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत येतो, आणि ती तत्त्वं कोर्टाकडून बजावून घेता येत नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या घटनेत, कलम २७ मध्ये, तातडीचे उपचार कोणालाही नाकारता येणार नाहीत असं सरळ लिहिलंय. असं एक वाक्य आपल्याकडेही हवं होतं, असं मला फार वाटतं.

तरीही तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे, आणि ते एका माणसाच्या हालांतून मिळालंय.

जुलै १९९२. पश्चिम बंगालमधल्या शेतमजूर संघटनेचा एक सदस्य रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार, मेंदूत रक्तस्राव. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून पुढे पाठवलं. मग रात्रभर कोलकात्यातल्या एकामागून एका सरकारी रुग्णालयाच्या दारात त्याला नेलं. कुठे बेड नाही, कुठे उपचाराची सोय नाही. शेवटी खासगी रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि सुमारे १७,००० रुपये खर्च आला. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की गरजू रुग्णाला सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार दिले नाहीत, तर अनुच्छेद २१ मधला जगण्याचा हक्क मोडला जातो. २५,००० रुपये भरपाईही द्यायला लावली. सरकारकडे पैसे नाहीत ही सबब इथे चालणार नाही, हेही त्याच निकालात आहे. एका ठिकाणी बेड नसेल तर कुठे आहे ते लगेच कळावं अशी रुग्णालयांमध्ये संपर्कव्यवस्था हवी, असंही त्यात म्हटलंय. म्हणजे बेड शोधत वणवण करणं हे नातेवाइकांचं काम नाही.

खासगी डॉक्टरांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचाच १९८९ चा परमानंद कटारा निकाल आहे. अपघाताची केस असली तरी ‘आधी पोलीस, मग उपचार’ असं म्हणता येत नाही. सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा.

पण या हक्काचा जोर तातडीच्या उपचारांतच जास्त आहे, हे लक्षात ठेवा. महागड्या, नियोजित उपचारांची गोष्ट वेगळी. १९९८ मध्ये पंजाबच्या कर्मचाऱ्यांच्या उपचारखर्चाच्या प्रकरणात याच न्यायालयाने सरकारच्या आर्थिक मर्यादा मान्य केल्या. शिवाय आरोग्य हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायचा विषय. आरोग्यहक्काचा कायदा करणारं पहिलं राज्य राजस्थान, तेही २०२३ मध्ये. मला हा उशीर अक्षम्य वाटतो.

आता कामाचं. सगळ्यांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. हक्कभंगाची भरपाई मागायची तर उच्च न्यायालयात रिट, म्हणजे मूलभूत हक्क मोडल्याबद्दलची याचिका. आणि तिथे सगळं अडतं ते कागदावर. ‘जा’ असं तोंडी सांगितलं की गेल्याची नोंदच उरत नाही. म्हणून केसपेपर काढल्याशिवाय हलू नका. त्यावर आल्याची वेळ, कोणी तपासलं, दाखल का केलं नाही आणि कुठे पाठवलं, हे लिहून मागा. वर सांगितलेल्या प्रकरणातल्या चौकशी समितीनेही रजिस्टरमध्ये नेमक्या याच नोंदी असाव्यात असं सुचवलं होतं. रुग्णाची प्रकृती फारच बिघडलेली असेल तर मात्र कागदासाठी थांबू नका. एकाने रुग्णासोबत पुढे जावं, दुसऱ्याने मागे राहून नोंद घ्यावी.