सरकारी पाळतीवरची ‘लिटल ब्रदर’ ही कादंबरी 14-15 वर्षांच्या मुलांना वर्गात शिकवावी का?

शिकवावी. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे या पुस्तकामुळे मुले शिस्त मोडायला शिकतील ही मुख्याध्यापकांची भीती कशी दूर करावी, याविषयी मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण याच भीतीपायी माझे शिकवणे अर्ध्यावर थांबवण्यात आले होते.

मी भाषेची शिक्षिका आहे. कॉरी डॉक्टरोव यांची 2008 सालची ही कादंबरी मी वर्गात घेतली तेव्हा सान फ्रान्सिस्कोतला हल्ला, 17 वर्षांच्या कथानायकाला, मार्कसला, झालेली अटक आणि त्याने एक्सबॉक्स या गेम खेळण्याच्या यंत्राच्या आधारे उभारलेले गुप्त जाळे यांतले काहीच मुलांना समजावून सांगावे लागले नाही. आम्ही अडलो ते एका गणितापाशी. सर्वांवर पाळत ठेवून दहशतवादी शोधणे का फसते हे सांगताना मार्कस 10 लाखांत एकाला होणारा रोग आणि 99 टक्के अचूक चाचणी असे उदाहरण देतो. 10 लाख लोकांना तपासले तर ही चाचणी सुमारे 10,000 जणांना रोगी ठरवते आणि त्यांत खरा रोगी एकच असतो. वर्ग हे मानायलाच तयार होईना. शेवटी मी फळ्यावर आमच्याच शाळेचे उदाहरण मांडले: 2,000 मुलांत एक जण परीक्षेत कॉपी करतो आणि ती शोधणारा कॅमेरा 99 टक्के अचूक आहे असे धरले, तर त्या एकाबरोबर सुमारे 20 निर्दोष मुलेही पकडली जातात. सर्वांत जास्त वाद घालणारी मुलगी फळ्यापाशी आली, तिने आकडे स्वतः पुन्हा मांडून पाहिले आणि विचारले, ‘बाई, मग त्या 20 जणांनी आपण कॉपी केली नाही हे सिद्ध कसे करायचे?’

त्या प्रश्नावरूनच मी गृहपाठ दिला: शाळा आपल्याविषयी काय काय नोंदवते याची यादी करा. मुलांनी जिन्यातले कॅमेरे, हजेरीसाठी घेतलेले बोटांचे ठसे, ग्रंथालयातून कोणी कोणते पुस्तक नेले याची नोंद, असे सगळे लिहून काढले आणि ती माहिती कोण पाहू शकते व किती दिवस ठेवली जाते, असे दोन रकाने आखले. ते दोन्ही रकाने जवळजवळ रिकामे राहिले, कारण कार्यालयात जाऊन विचारूनही मुलांना कोणी नीट सांगू शकले नाही. यादी मुख्याध्यापकांकडे गेली. ‘तुम्ही मुलांना शाळेविरुद्ध उभे करत आहात, भाषेच्या तासाला भाषाच शिकवा,’ असे म्हणून त्यांनी उरलेली प्रकरणे बंद केली आणि मी गप्प राहिले.

तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर आज देते. मुलांनी एकही नियम मोडला नव्हता. त्यांनी तपासून पाहता येतील असे प्रश्न सभ्य शब्दांत लेखी मांडले होते, आणि माझ्या मते भाषेच्या तासाला याहून चांगले काम होऊ शकत नाही. मार्कस बुटांत खडे घालून चालण्याच्या ढबीवरून माणूस ओळखणाऱ्या शाळेतल्या कॅमेऱ्यांना चकवतो, एवढाच भाग वाचून हे पुस्तक बंडखोरी शिकवते असे ठरवणे अन्यायाचे आहे. 2014 मध्ये फ्लोरिडातील पेन्साकोला येथेही एका प्राचार्यांनी या पुस्तकाच्या सामूहिक वाचनाचा कार्यक्रम रद्द केला, तेव्हा लेखक आणि प्रकाशक यांनी विद्यार्थ्यांसाठी 200 प्रती मोफत पाठवल्या. तुमच्या मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा कथानकाचे समर्थन करत बसू नका, त्यांच्यासमोर ते गणित मांडा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पुस्तकात कोठडीतल्या छळाचे वर्णन आहे आणि प्रेमप्रसंगही आहेत, म्हणून पालकांना आधी लेखी कळवावे. लेखकाचा कल उघडपणे मार्कसकडे आहे, त्यामुळे पाळतीचे समर्थन करणाऱ्या त्याच्या वडिलांची बाजू मुलांकडून मनापासून लिहून घ्यावी. मी ते करून घेण्याआधीच वाचन थांबले. तंत्रज्ञानही आता जुने झाले आहे, पण गणित जुने झालेले नाही. यादीचा गृहपाठ देणार असाल तर मात्र कार्यालयाला आधी कल्पना द्या. मी ती दिली नव्हती, आणि प्रश्न घेऊन गेलेल्या मुलांना तिथे उगाच दरडावणी ऐकावी लागली.